इंटरनॅशनल बिझनेस आणि परकीय भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात आणि प्रवेश संपेपर्यंत थांबत नाहीत. मी बरीच वर्षं निर्यात विभागात काम केलं आणि आता पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे धंद्याकडचे आणि भाषेकडचे असे दोन्ही प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सुरुवात प्राथमिक शंकांपासून आहे, पुढे अडचणीचे अपवाद येतात. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. इंटरनॅशनल बिझनेस आणि भाषा एकत्र शिकणं म्हणजे नक्की काय? बीकॉम करून संध्याकाळी भाषेचा क्लास लावला तर तेच नाही का?

तेच होत नाही, पण तेही वाईट नाही. युरोपात या दोन गोष्टींची मिळून एकच पदवी असते. फ्रान्समध्ये तिला एलईए म्हणतात. त्यात दोन परकीय भाषा सारख्याच महत्त्वाच्या असतात आणि सोबत अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, हिशेब, मार्केटिंग हे विषय असतात. जर्मनीत पासाऊ विद्यापीठाने १९८९ पासून भाषा, अर्थशास्त्र आणि एखाद्या प्रदेशाची संस्कृती यांचा एकत्र अभ्यासक्रम चालवला. ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल बिझनेस आणि जोडीला जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश अशी पदवी मिळते. ती बहुधा चार वर्षांची असते आणि त्यातलं एक वर्ष त्या भाषेच्या देशात काढायचं असतं.

अशा पदवीत भाषेचा तास कधीतरी संपतो आणि त्याच भाषेत कायद्याचा तास सुरू होतो. तिथे वाक्य चुकलं तरी मुद्दा मांडावाच लागतो. आपल्याकडच्या संध्याकाळच्या क्लासमध्ये ही वेळ सहसा येत नाही. बीकॉम आणि क्लास या वाटेने जायचं असेल, तर ती तुम्हाला स्वतःवर आणावी लागते: कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्या भाषेत वाचायचे, बातम्या त्या भाषेत ऐकायच्या, प्रोजेक्टसाठी तिकडच्या बाजारपेठेचा विषय घ्यायचा.

२. महाराष्ट्रात असा एकत्रित कोर्स कुठे आहे?

युरोपसारखी दोन्हींना सारखं वजन देणारी पदवी शोधत बसू नका, इथे ती जोडूनच घ्यावी लागते. त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट धंद्याकडून जाते. बीबीए इंटरनॅशनल बिझनेस, ज्याला पूर्वी बीबीएम आयबी म्हणत, हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा सुरू झाली. काही महाविद्यालयांनी त्याच वेळी कोर्सचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असं केलं, त्यामुळे नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागून घ्या. पदव्युत्तर पातळीवर पुण्याच्या सिंबायोसिसची एसआयआयबी (प्रवेश सिंबायोसिसच्या स्नॅप परीक्षेतून) आणि केंद्र सरकारने १९६३ मध्ये स्थापन केलेली दिल्लीची आयआयएफटी (प्रवेश आता कॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर) या संस्था एमबीए इंटरनॅशनल बिझनेससाठी ओळखल्या जातात.

दुसरी वाट भाषेकडून. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीतला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, जर्मनसाठी मॅक्स म्यूलर भवन आणि फ्रेंचसाठी आल्याँस फ्राँसेझ या तिन्ही ठिकाणी पिढ्यान् पिढ्या लोक शिकले आहेत. मुंबई विद्यापीठातही जर्मन आणि फ्रेंचचे विभाग आहेत. पूर्णवेळ भाषेचीच पदवी हवी असेल तर दिल्लीचं जेएनयू किंवा हैदराबादचं इफ्लू. भाषेची पदवी आधी आणि एमबीए नंतर असा क्रम लावणाऱ्यांनी प्रश्न १३ आधी वाचावा, त्यात एक खाच आहे.

३. कोणती भाषा घेऊ? जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, की चिनी?

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची येतात, आणि बहुतेकांना एका ओळीत उत्तर हवं असतं. मी मात्र उलट विचारते: तुम्हाला कुठे राहायचं आहे आणि काय विकायचं आहे?

पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात नोकरी करायची असेल, तर जर्मन आणि जपानी यांचा उपयोग रोजच्या कामात होतो. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत, त्यांच्या भोवती सुटे भाग पुरवणारे आहेत, आणि इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ पासून काम करतं आहे. जर्मन कंपनीत वरच्या पातळीवर इंग्रजी चालतं. तांत्रिक आराखडा, गुणवत्तेची तक्रार, पुरवठादाराशी फोनवरचा वाद, हे खालच्या पातळीवर आलं की जर्मन येणाऱ्या माणसाला बोलावलं जातं.

जपानीचं गणित वेगळं आहे. जपानी कंपन्यांत इंग्रजीवर भागतंच असं नाही, म्हणून भाषा येणाऱ्याला मागणी टिकून असते. पण मेहनत मोठी आहे. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची अधिकृत यादीच २,१३६ चिन्हांची आहे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ ही सगळ्यात सोपी पायरी आणि एन१ सगळ्यात अवघड. एन५ आणि एन४ वर थांबलेल्यांची संख्या भरपूर असते, तर कंपन्यांची मागणी एन३ आणि त्याहून जास्त करून एन२ ची असते. मधेच सोडणार असाल तर सुरू करू नका, हे मी स्पष्ट सांगते.

फ्रेंच म्हणजे पॅरिस एवढंच डोक्यात असेल तर नकाशा पुन्हा बघा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत सरकारी आणि व्यापारी कारभार फ्रेंचमधून चालतो. आपल्याकडून तिकडे औषधं, दुचाकी, तांदूळ, यंत्रं जातात. सेनेगल किंवा कोत दिव्वारच्या आयातदाराशी बोलायला फ्रेंच येणारा माणूस निर्यातदाराला सहजासहजी मिळत नाही. माझ्या मते फ्रेंचची ही बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित राहिली आहे.

स्पॅनिशला लॅटिन अमेरिकेमुळे मोठा नकाशा मिळतो. ब्राझीलची भाषा मात्र पोर्तुगीज आहे हे विसरू नका (त्याबद्दल प्रश्न १४). चिनीचा उपयोग आयातीच्या आणि माल शोधण्याच्या कामात जास्त होतो.

नेदरलँड्सशी धंदा करायचा म्हणून डच शिकू का, असंही नाशिकहून विचारलं जातं. द्राक्षाचे कंटेनर रॉटरडॅमला उतरतात हे खरं, पण डच आयातदार उत्तम इंग्रजी बोलतो. तो वेळ जर्मनला द्या. रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे जर्मनीच्या बाजारातही जातो.

४. एकाच वेळी दोन भाषा शिकू का? बायोडेटावर चांगलं दिसतं.

पहिली बी१ ला पोचेपर्यंत दुसरी नको (या पायऱ्या प्रश्न ५ मध्ये आहेत). चार भाषांची ए१ प्रमाणपत्रं लावलेला बायोडेटा वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की हा कुठल्याच भाषेत फोन उचलू शकणार नाही.

५. ए१, बी२ म्हणजे काय, आणि कामापुरती भाषा यायला किती वेळ लागतो?

युरोपीय भाषांसाठी ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. बी१ ला प्रवास, दुकान, डॉक्टर, साधी ओळखपाळख निभावते. बी२ ला बैठकीत बसून मुद्दा समजतो आणि आपला मांडता येतो. नोकरीच्या दृष्टीने बी२ ही पहिली खरी पायरी.

वेळेचा अंदाज जर्मनवरून देते. बी२ साठी साधारण ६०० ते ८०० तास धरतात, तास म्हणजे ४५ मिनिटांचा. कॉलेज सांभाळून आठवड्याला सहा तास क्लास केला, तर ६०० तासांना शंभर आठवडे लागतात. सुट्ट्या, परीक्षा, मधले खंड धरले तर अडीच वर्षं. म्हणजे पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये सुरुवात केलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर बी२ ला असतो. तिसऱ्या वर्षात जाग आलेल्याचं पदवीआधी बी२ होत नाही, मग तो कितीही हुशार असो. म्हणून माझा पहिला आग्रह हाच असतो: एकच भाषा घ्या, लवकर घ्या, आणि बी२ च्या आधी उतरू नका.

६. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजीच कच्चं आहे, तर परकीय भाषा कशी झेपणार?

झेपते. माझ्या वर्गात अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतून आलेली मुलं असतात आणि व्याकरणात ती बऱ्याचदा पुढे असतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी बिचकतो. मराठी मुलाला तो दगड, ती वीट आणि ते घर यांची सवय असते. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस म्हणतो, तेही आपल्यासारखंच. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि शब्दाला मागून प्रत्ययासारखे तुकडे लागतात, त्यामुळे वाक्य मराठीतून थेट जुळवता येतं. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला सगळं उलटं करावं लागतं.

इंग्रजीची अडचण दुसरीकडे येते. धंद्याचे विषय, इन्कोटर्म्स (प्रश्न ७), बँकेची कागदपत्रं, विद्यापीठांचे अर्ज, हे सगळं इंग्रजीत आहे. तेव्हा इंग्रजी वाचन रोज वाढवत राहा. फाडफाड बोलता येईपर्यंत दुसरी भाषा थांबवून ठेवायची मात्र गरज नाही.

७. बिझनेसच्या भागात नेमकं शिकतात काय? एक्स्पोर्ट-इम्पोर्ट म्हणजे कागदपत्रंच ना?

कागदपत्रांना कमी लेखू नका, धंद्याचे पैसे त्यांच्यावरच सुटतात किंवा अडकतात.

एक उदाहरण बारकाईने बघू. आफ्रिकेतल्या एका ग्राहकाने तुमच्या नावे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी उघडली. ठरलेले कागद दाखवले की पैसे देऊ, अशी ही बँकेची हमी. मालाचं वर्णन एलसीमध्ये एका पद्धतीने लिहिलं आहे. तुमच्या माणसाने इन्व्हॉइसवर तोच माल कंपनीच्या कॅटलॉगमधल्या नावाने लिहिला. माल एकच, दर्जा उत्तम, जहाज वेळेवर. तरी बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढते, कारण इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं पाहिजे असा नियम आहे. हे नियम यूसीपी ६०० या नावाने २००७ पासून लागू आहेत आणि त्यांचा गाभा असा, की बँक कागद बघते, माल बघत नाही. बँकेकडे तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. मूळ बिल ऑफ लेडिंगसह (बीएल, म्हणजे माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती) कागद सादर करायला तुमच्याकडे, एलसीत वेगळं काही नसेल तर, माल चढवल्यापासून २१ दिवस असतात, आणि तेही एलसीची मुदत संपायच्या आत. फ्रेंचभाषिक देशातून आलेली एलसी फ्रेंचमध्ये असू शकते. ती वाचून पहिल्याच दिवशी दुरुस्ती मागणारा माणूस आणि माल गेल्यावर डोक्याला हात लावणारा माणूस, यांत भाषेचाच फरक असतो.

दुसरं म्हणजे इन्कोटर्म्स. २०२० च्या आवृत्तीत अकरा संज्ञा आहेत आणि माल कुठे कुणाच्या जोखमीवर जातो ते त्या ठरवतात. आपल्याकडे सवयीने सगळीकडे एफओबी न्हावा शेवा लिहितात, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. कंटेनर टर्मिनलवर दिला, की तो जहाजावर चढेपर्यंत तुमच्या ताब्यात नसतो, पण एफओबीत जोखीम मात्र तुमचीच राहते. कंटेनरसाठी एफसीए योग्य आहे, त्यात माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम ग्राहकाकडे जाते. ही गोष्ट कॉलेजात नीट शिकवली गेली नाही तर विचारून घ्या.

तिसरं, कायदा. आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा एक संयुक्त राष्ट्रांचा करार आहे. जर्मनी, फ्रान्स, जपान त्यात आहेत, भारत नाही. म्हणून करारात कुठल्या देशाचा कायदा लागू होईल हे लिहिलं नसेल, तर वाद झाल्यावर गोंधळ होतो. याशिवाय परकीय चलन, मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड, कस्टम्स, मुक्त व्यापार करार हे विषय येतात. भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन यांच्यातला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. असे करार मुळातून वाचायची सवय लावून घ्या.

८. मी आर्ट्सची किंवा सायन्सची आहे. चालेल का? गणित सोडलं आहे.

बहुतेक ठिकाणी चालतं. सायन्सची मुलं यंत्रांच्या, रसायनांच्या, औषधांच्या निर्यातीत उपयोगी पडतात, आणि आर्ट्सच्या मुलांची भाषा आधीच घासलेली असते. पदवीत संख्याशास्त्र, हिशेब आणि अर्थशास्त्र येणारच, तेवढी तयारी ठेवा. अकरावी-बारावीला जर्मन, फ्रेंच किंवा जपानी घेतलं असेल, तर थेट ए२ किंवा बी१ च्या वर्गात बसता येतं का हे प्लेसमेंट टेस्ट देऊन बघा. गुण ९८ असले तरी टेस्ट द्या. बारावीचे गुण आणि बोलता येणं यांत मोठं अंतर पडतं.

९. बारावीनंतर लगेच जर्मनीला जाऊन ही पदवी करता येईल का?

साधारणपणे थेट नाही. फक्त भारतीय बारावीवर जर्मन विद्यापीठात बिझनेसला सरळ प्रवेश मिळत नाही. मग दोन मार्ग उरतात. एक, श्टुडिएनकोलेग हे एक वर्षाचं तयारीचं शिक्षण. त्यात बिझनेसवाल्यांसाठी डब्ल्यू नावाचा कोर्स असतो, आणि त्याच्या प्रवेश परीक्षेलाच चांगली जर्मन लागते. दोन, भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच विषयशाखेत अर्ज करणं. इथे बीबीए करत असाल तर तिकडे बिझनेसलाच अर्ज करता येतो, शाखा बदलता येत नाही.

याशिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यात तुमच्या गुणपत्रिका तपासल्या जातात. नावाचं स्पेलिंग दहावी, बारावी आणि पासपोर्टवर वेगवेगळं असेल तर ते आजच सुधारून घ्या. वडिलांचं नाव मध्ये घालण्याच्या आपल्या पद्धतीमुळे हे हमखास होतं.

माझा सल्ला: घाई नसेल तर इथे पदवी करा, भाषा बी२ किंवा सी१ ला न्या, आणि मास्टर्सला जा. खर्चही कमी होतो आणि एकवीस-बावीसच्या वयात तिकडचं एकटेपण जास्त नीट पेलता येतं.

१०. जर्मनीत पूर्ण इंग्रजीतून कोर्स मिळतो. मग जर्मन कशाला?

पदवी इंग्रजीतून मिळेल. पण इंटर्नशिप मिळवताना जर्मन विचारतात, आणि इंटर्नशिपशिवाय तिथली नोकरी कठीण जाते. मुलं तिकडे गेल्यावर शिकू म्हणतात. तिकडे असाइनमेंट, अर्धवेळ काम, स्वयंपाक, भाडं यांत शिकायचं राहून जातं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारे अठरा महिने ए२ वर सुरू होतात. बी१ हातात घेऊनच विमानात बसा.

११. फ्रान्सच्या एलईएला भारतीय विद्यार्थी जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, अर्ज कँपस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेमार्फत होतो. अडचण अशी, की शिकवण्याचं माध्यम फ्रेंच आहे, म्हणून साधारण बी२ फ्रेंच लागते, आणि त्यावर आणखी दोन भाषा शिकायच्या असतात. एक बहुधा इंग्रजी, दुसरी जर्मन, स्पॅनिश, इटालियन वगैरे. काही विद्यापीठांत चिनी, जपानी, रशियन, अरबी अशा भाषा पायापासून घेता येतात. जर्मन आणि स्पॅनिश मात्र बहुतेक ठिकाणी आधी आलेली असावी लागते, कारण फ्रेंच मुलं ती शाळेपासून शिकतात. प्रश्न ४ मधला माझा नियम मोडायची ही एक योग्य जागा.

१२. खर्च किती येतो?

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सहामाही वर्गणी असते. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याचा. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. बिझनेससाठी नावाजलेल्या काही संस्था, उदाहरणार्थ रॉयटलिंगेनची, नेमक्या याच राज्यात आहेत. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तो खर्च नाही, तो तुमच्याच राहण्याखाण्याचा पैसा महिन्यामहिन्याने परत मिळतो. म्युनिकसारख्या शहरात मात्र तो पुरत नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे.

फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांचं पदवीचं शुल्क वर्षाला तीन हजार युरोंच्या आत-बाहेर आहे आणि अनेक विद्यापीठं त्यातून सूट देतात. खासगी बिझनेस स्कूलचे आकडे याच्या कितीतरी पट असतात. एजंट बहुतेक वेळा तिकडचीच नावं सुचवतो, हे लक्षात ठेवा.

शेत विकून किंवा घर तारण ठेवून जायचं का, असं विचारणारी पत्रं येतात तेव्हा जीव तुटतो. शुल्क नसलेला पर्याय पुढे असताना ते करू नका. भाषेवर दोन वर्षं जास्त घाला, सरकारी विद्यापीठाचं दार त्यानेच उघडतं.

१३. बीए जर्मन केलं आहे. आता जर्मनीत बिझनेसचं मास्टर्स मिळेल का?

हीच ती प्रश्न २ मधली खाच. जर्मनीतली बिझनेसची बहुतेक मास्टर्स ही पदवीच्या विषयाला जोडून असतात. तुमच्या पदवीत अर्थशास्त्र, हिशेब, संख्याशास्त्र यांचे ठरावीक क्रेडिट झालेले असावे लागतात. सी१ जर्मन असूनही अर्ज इथेच अडतो. मग पर्याय असे: आंतरसांस्कृतिक संवाद किंवा संस्कृती-अर्थशास्त्र अशा मिश्र विषयांची मास्टर्स, कामाचा अनुभव घेऊन एमबीए, किंवा आयआयएफटीसारख्या संस्थेत भारतातच एमबीए, जिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते.

उलट बाजूने बघा. बीबीए आणि सोबत बी२ जर्मन असलेल्याला हे दार उघडं असतं. युरोपात मास्टर्सचा विचार पक्का असेल तर पदवी बिझनेसची ठेवा आणि भाषा बाहेरून शिका.

१४. आम्ही गोव्याचे. पोर्तुगीजला धंद्यात काही अर्थ आहे का, की ते फक्त पासपोर्टपुरतं?

अर्थ आहे, आणि ही संधी गोव्याच्या मुलांनी सोडू नये. पोर्तुगीज म्हणजे पोर्तुगाल एवढंच धरलं तर बाजार लहान. ब्राझील, अंगोला, मोझांबिक धरले की चित्र बदलतं. मोझांबिकहून आपल्याकडे तूर येते, ब्राझीलहून सोयाबीन तेल आणि साखर व्यवसायाशी जोडलेला बराच व्यवहार. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. घरात आजी-आजोबांकडून ऐकलेली पोर्तुगीज असेल तर उच्चारांची निम्मी मेहनत वाचते. तरी लेखी परीक्षा द्या, कारण घरगुती भाषेवर व्यापारी पत्र लिहिता येत नाही.

१५. आता मशीन काही सेकंदात भाषांतर करतं. मग एवढी वर्षं भाषेत का घालवायची?

मशीन वापराच. मीही वापरते. पण तपासणारा माणूस लागतो, आणि तपासायला भाषा यावी लागते. एक साधी गोष्ट: जर्मन कागदावर १.२५० किलो लिहिलं असेल तर ते साडेबाराशे किलो, आणि १,२५० असेल तर सव्वा किलो. तिकडे टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलटे वापरतात. हा आकडा भारतीय कागदावर जसाच्या तसा उतरला तर पॅकिंग लिस्ट चुकते आणि कस्टम्सला माल थांबतो.

शिवाय धंद्याचा नाजूक भाग कागदावर नसतोच. युरोपात द्राक्षं बऱ्याचदा कन्साइनमेंटवर जातात. माल तीन-चार आठवड्यांनी पोचतो, तिथे तपासणी होते आणि मग दर ठरतो. मणी गळाले, देठ सुकला असा रिपोर्ट आला की फोनवर बोलणं होतं. त्या दहा मिनिटांत समोरच्याच्या भाषेत दोन वाक्यं जास्त विचारता आली, तर कपात किती आणि का, हे स्पष्ट होतं. तिथे मशीन मध्ये घेऊन बोलणारा माणूस मागे पडतो.

१६. प्रमाणपत्राची मुदत संपते का? आणि जपानीची परीक्षा पास झालो तरी बोलता का येत नाही?

जेएलपीटीला मुदत नाही, आणि फ्रेंचच्या डेल्फ-डाल्फ परीक्षा कायमच्या. फ्रेंचचीच टीसीएफ ही परीक्षा मात्र दोन वर्षांपुरती. जर्मनच्या गोएथे प्रमाणपत्रावर मुदत नसते, पण ते फार जुनं असेल तर समोरची संस्था नवं मागू शकते. म्हणून अर्जाच्या आधीच्या वर्षात परीक्षा देणं सोयीचं.

दुसऱ्या भागाचं उत्तर परीक्षेतच आहे. जेएलपीटीत बोलण्याची चाचणीच नाही. वाचन, व्याकरण आणि ऐकणं यांवर एन२ निघतं, आणि मुलाखतीत तोंड उघडत नाही. पुण्यात ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तेव्हा दोन परीक्षांच्या मधले महिने संभाषणाला द्या.

१७. बीबीए आणि बीए जर्मन अशा दोन पदव्या एकाच वेळी चालतील का?

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन घ्यायची. पण विद्यापीठाने स्वतःचे नियम तसे केलेले असावे लागतात, त्यामुळे दोन्हीकडून लेखी उत्तर घ्या. सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा सोबत करायला ही अडचण येत नाही, आणि माझ्या मते बहुतेकांना तेवढंच पुरतं.

१८. माझं वय ३१. एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आता सुरू करून उपयोग आहे का?

कॉलेजच्या मुलापेक्षा तुम्हाला जास्त उपयोग आहे. त्याला भाषा आल्यावर धंदा शिकायचा असतो, तुम्हाला धंदा येतो. पुन्हा पदवीच्या मागे लागू नका. तुमची कंपनी कुठल्या देशाशी व्यवहार करते ते बघा, त्या देशाची भाषा घ्या, आठवड्याच्या शेवटी चालणारी बॅच धरा. बी१ झाल्यावर त्या देशाशी संबंधित काम मागून घ्या. वरिष्ठांना ए२ ला असतानाच सांगून ठेवा, कारण ती जागा कधी रिकामी होईल याचा अंदाज त्यांना तुमच्या आधी असतो.

१९. घरची बाग आहे, वडिलांना स्वतःच निर्यात करायची आहे. मुलीला हा कोर्स द्यावा का?

द्या, पण कोर्स संपायची वाट बघू नका. आयातनिर्यात कोड डीजीएफटी या केंद्र सरकारच्या परकीय व्यापार कार्यालयाकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला ५०० रुपये शुल्क आहे. बागेची नोंदणी, औषधांच्या अंशाची मर्यादा, पॅक हाऊस, शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा हिच्याकडची कामं ती शिकता शिकताच करू शकते. पहिल्या हंगामात स्वतः कंटेनर पाठवण्याऐवजी एखाद्या अनुभवी निर्यातदारामार्फत माल द्या आणि मुलीला त्यांच्या कागदांवर बसू द्या. इन्व्हॉइस, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, शिपिंग बिल, बीएल, सगळ्यांच्या प्रती तिने स्वतः लावाव्यात. मग वर्गातला विषय तिला कोरडा वाटणार नाही. भाषा कोणती, हे प्रश्न ३ मध्ये आहे. द्राक्ष असेल तर जर्मन, आणि आंबा आखातात जात असेल तर अरबीचाही विचार करा.